हवा ३४ अंश, मग खडपावरची कालवं का मेली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुमच्या गावच्या खडपावर, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या कातळावर, एप्रिलच्या सुरुवातीला वरच्या पट्ट्यातली कालवं (ऑयस्टर) मोठ्या संख्येनं तोंड उघडून मेलेली दिसली, काही लिम्पेटही (टोपीसारखा शिंपला असलेल्या, कातळाला चिकटणाऱ्या गोगलगायी) खडक सोडून खाली पडले होते. त्या आठवड्यात मोबाईलवर कमाल तापमान ३४ अंश दिसत होतं आणि समुद्राचं पाणी २९ च्या आसपास होतं. मग ही उष्णतेनं मेली असं म्हणता येईल का, आणि पुढच्या वर्षी नीट मोजायचं तर कसं?

म्हणता येईल, पण त्या ३४ च्या आकड्यावरून नाही. हवामान खात्याचं तापमान सावलीतल्या, हवा खेळत्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर घेतलेलं असतं. कालव बसलेलं असतं उन्हात, काळ्या कातळाला चिकटून. त्याच्या अंगाचं तापमान ठरतं ते वरून येणारं ऊन, खालून तापलेला दगड, वाऱ्याबरोबर अंगाला लागणारी हवा आणि अंगावरून होणारं बाष्पीभवन या चौघांच्या हिशेबातून. हवेचं तापमान या हिशेबातली एक रक्कम आहे, बेरीज नव्हे. ओहोटीत उघड्या पडलेल्या शिंपल्याचं अंग हवेपेक्षा १० अंशांनी किंवा त्याहूनही जास्त गरम असणं हे या क्षेत्रात रोजचंच मोजमाप आहे. तेव्हा खरा प्रश्न ‘त्या दिवशी किती ऊन होतं’ हा नसून ‘ऊन डोक्यावर असताना तो पट्टा किती वेळ आणि सलग किती दिवस कोरडा होता’ हा आहे.

त्याचं उत्तर तिथीत सापडतं. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत तुम्हाला माहीत असेल: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि साधारण बाराला पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी भरती आणि ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला व संध्याकाळी त्याच वेळेला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, शिवाय दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात, म्हणून प्रत्यक्ष कामाला भरतीचं छापील कोष्टकच घ्या. पण या रीतीतून आपल्या किनाऱ्याबद्दल एक फार महत्त्वाची गोष्ट कळते. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीला, पाणी सगळ्यात जास्त मागे समुद्राकडे हटतं, पण तेव्हा ऊन कलतं असतं, आणि भर दुपारी खडप पाण्याखाली असतं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला, पाणी फारसं मागे हटत नाही, पण जेवढं हटतं तेवढं सप्तमी ते एकादशीच्या दरम्यान बरोबर बारा ते अडीचच्या उन्हात हटतं.

आता हे खडपावर मांडून पाहा. अगदी खालच्या पट्ट्यातल्या प्राण्यांना भर दुपारचं ऊन जवळपास लागतच नाही. मधला पट्टा भांगाच्या दिवसांत रोज दुपारी काही तास तापतो, पण सकाळ-संध्याकाळ भिजतो. सगळ्यात वरच्या पट्ट्याची गत वेगळी. भांगाची भरती तिथवर पोचतच नाही, त्यामुळे तो सलग चार-पाच दिवस फक्त शिंतोड्यांवर काढतो. फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो, म्हणजे शिंतोडेही नाहीत. तुम्ही ज्या तारखा दिल्या आहेत त्यांची तिथी पंचांगात पाहा. मेलेल्या कालवांचा पट्टा भांगाच्या भरतीरेषेच्या वर असेल आणि आदल्या आठवड्यात अष्टमी-नवमी येऊन गेली असेल, तर उष्णतेचा संशय बराच पक्का होतो.

वारा हा दुसरा मुद्दा. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेकडून कोरडा गरम वारा सुटतो आणि दुपारचे खारे वारे उशिरा सुरू होतात किंवा फारच मंद राहतात. मुंबईत पारा ४० च्या पुढे गेल्याच्या नोंदी मेपेक्षा मार्चमध्ये दिसतात त्या यामुळेच. खडपावर दहा-अकरा वाजता खारा वारा लागला तर कातळ तापतो पण अंगावरची उष्णता वारा ओढून नेत राहतो. तो दोनपर्यंत आलाच नाही आणि त्याच दिवशी भांगाची ओहोटी असली, की चारही रकमा एकाच बाजूला पडतात. म्हणून कमाल तापमानाबरोबर खारा वारा किती वाजता लागला तेही वहीत लिहा. माझ्या मते ही नोंद ३४ या आकड्यापेक्षा मोलाची आहे.

ओहोटीच्या वेळेचा हा परिणाम आपल्यापुरता नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रायन हेल्मुथ आणि सहकाऱ्यांनी शिंपल्यांच्या आकाराचे, आत तापमापक बसवलेले नकली शिंपले खडकांवर लावले. २००२ मध्ये त्यांनी दाखवलं की उत्तरेकडच्या वॉशिंग्टन राज्यातली काही ठिकाणं दक्षिणेकडच्या कॅलिफोर्नियातल्या ठिकाणांपेक्षा शिंपल्यांसाठी जास्त तापदायक आहेत, कारण उत्तरेला उन्हाळ्यातली मोठी ओहोटी दुपारी येते. नकाशावर दक्षिणेकडे गेलं की गरम, हा सरळ हिशेब खडकावर मोडतो. २०२१ च्या जूनअखेरीस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात उष्णतेची प्रचंड लाट आली तेव्हा तिथली मोठी ओहोटीही दुपारचीच होती. खडकांचं तापमान ५० च्या वर गेलं, आणि सागरी जीवशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हार्ली यांच्या अंदाजानं किनाऱ्यावरचे एक अब्जाहून अधिक प्राणी मेले. तिथेच दक्षिणेकडे तोंड असलेल्या खडकांवरचे शिंपले मेले आणि उत्तरेच्या सावलीतले वाचले.

पण तिथला हा ‘उत्तर बाजू सुरक्षित’ नियम कोकणात जसाच्या तसा लावू नका. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस मालवणला मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, मुंबईला मेच्या मध्यावर. त्या सुमारास सूर्य ऐन डोक्यावर असतो, त्यामुळे कातळाची बाजू उत्तर की दक्षिण याला फारसा अर्थ उरत नाही. तेव्हा वाचवते ती उभी कपार, बाहेर आलेल्या दगडाखालची जागा आणि भेग. दक्षिण बाजू जास्त तापते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या उन्हात. पश्चिमेकडे कललेली बाजू मात्र कधीही वाईट, कारण तिच्यावर तिरपं नाही तर थेट ऊन पडतं ते दुपारी दोन-तीनला, हवाही तापलेली असताना. दगडाचा प्रकारही पाहा. काळा बसाल्ट ऊन शोषतो आणि सपाट असेल तर तव्यासारखा तापतो. दक्षिण कोकणातला जांभा सच्छिद्र आणि खड्ड्याखड्ड्यांचा असल्यानं त्यात ओल आणि सावली टिकते. दोन गावांची तुलना करताना हे विसरलं की सगळा फरक हवामानावर ढकलला जातो.

प्राणी यावर काय करतात? जे चालू शकतात ते आधी जागा बदलतात, म्हणून दुपारी मोकळ्या कातळावर मोजलेली संख्या कमी दिसते. ती मृत्यूची खूण नव्हे. वरच्या पट्ट्यातल्या हरभऱ्याहून लहान लिटोरिनिड गोगलगायी मांसल पाय आत ओढून घेतात, झाकण लावतात आणि शिंपल्याची कड श्लेष्माच्या बारीक धाग्यानं दगडाला चिकटवून जवळजवळ लटकतात. तापलेल्या दगडाशी संपर्क सुईच्या टोकाएवढा उरतो. काही तर एकमेकींच्या पाठीवर चढून बसतात. आग्नेय आशियातल्या एकिनोलिटोरिना मलाक्काना या जातीच्या प्राणघातक तापमानाची नोंद ५५ अंशांच्या आसपास आहे, आणि उष्णता वाढली की ती चयापचय वाढवण्याऐवजी मंद करून ऊर्जा वाचवते. लिम्पेटकडे झाकण नाही. तो सहसा कातळाला घट्ट दाबून बसतो, पण असह्य झालं की शिंपला उचलून धरतो आणि ओल्या अंगावरून बाष्पीभवन होऊ देतो. यानं थोडा वेळ गारवा मिळतो, पण पाणी संपत जातं. हाँगकाँगच्या किनाऱ्यावर सेलाना जातीच्या लिम्पेटांत हे नीट पाहिलं गेलं आहे. छत्रीसारखा वर उचललेला लिम्पेट दिसला तर समजा की तो सहनशक्तीच्या कडेला आला आहे. खाडीच्या चिखलातल्या फिडलर खेकड्यांची तऱ्हा निराळी: बीळ जवळ असतं, आणि नराचा मोठा नांगा उष्णता बाहेर टाकायलाही उपयोगी पडतो.

कालवाला यातलं काही जमत नाही. एक शिंपला दगडाला कायमचा जोडलेला. त्याच्यापुढे दोनच मार्ग: तोंड घट्ट मिटून पाणी राखायचं आणि प्राणवायूशिवाय काम चालवायचं, किंवा किंचित उघडून श्वास घ्यायचा आणि पाणी गमवायचं. आत पेशींमध्ये तापामुळे प्रथिनांच्या घड्या बिघडू लागतात. त्या सांभाळायला ती एचएसपी ७० सारखी ताप-प्रथिनं तयार करतात. हे काम फुकट होत नाही; त्यावर गेलेली ऊर्जा वाढीतून आणि अंडी-शुक्राणूंतून कापली जाते. हृदयाचे ठोके आधी तापमानाबरोबर वाढत जातात आणि एका टप्प्यावर अचानक घसरतात. प्रयोगशाळेत शिंपल्यावर अवरक्त संवेदक चिकटवून हा घसरणीचा बिंदू काढतात, आणि कोणती जात कडेच्या किती जवळ आहे हे त्यावरून कळतं.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो: वरच्या पट्ट्यातले प्राणी सगळ्यात काटक, म्हणजे हवामान तापलं तरी तेच टिकतील. जोनाथन स्टिलमन यांनी पोर्सेलिन खेकड्यांच्या जातींवर केलेल्या कामातून, विशेषतः २००३ च्या शोधनिबंधातून, उलटच चित्र पुढे आलं. वर राहणाऱ्या जाती जास्त उष्णता सोसतात हे खरं, पण त्यांची रोजची उष्णता आधीच त्यांच्या मर्यादेला टेकलेली असते, आणि सवयीनं ती मर्यादा आणखी वर सरकवण्याची त्यांची क्षमता कमी असते. खालच्या जातींची मर्यादा कमी, पण हातात शिल्लक जास्त. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवर ही शिल्लक आणखी तुटपुंजी असते. म्हणून तापमानवाढीत सरासरी एखाद्या अंशानं सरकली तरी वरच्या पट्ट्याला ती एका अंशासारखी लागत नाही. आधी वर्षात दोन-चार दिवस मर्यादा ओलांडली जात असेल तर ते दिवस वाढतात, आणि दोन वाईट दिवसांच्या मधला सावरण्याचा वेळ कमी होतो.

समुद्राचं पाणी हा या सगळ्यातला दवाखाना आहे. भरती आली की अंग थंड होतं, प्राणवायू मिळतो, दुरुस्ती सुरू होते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांनी २०१४ मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळ्यातलं पृष्ठतापमान १९०१ ते २०१२ या काळात १.२ अंशांनी वाढलं. पाणीच जास्त उबदार असेल तर प्राणी पुढच्या ओहोटीला आधीच वरच्या पायरीवरून सुरुवात करतो आणि रात्रीची दुरुस्ती अर्धी राहते. खडपावरचा मृत्यू हवेत दिसतो, पण त्याची तयारी पुष्कळदा पाण्यात झालेली असते.

आता निदान. तोंड उघडलेलं कालव म्हणजे उष्णताच असं नाही. शिंपल्याला बारीक गोल भोक असेल तर मांसाहारी गोगलगायीचं काम. वरचा शिंपला फोडून काढलेला आणि फक्त खालची वाटी कातळावर असेल तर ती माणसांनी काढलेली कालवं, मृत्यू नव्हे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याच्या तोंडाजवळची मेली असतील तर गोडं पाणी. दगडावर डांबरगोळ्यांचा काळा चिकटा असेल तर तेल. उष्णतेचा ठसा वेगळा असतो: दोन्ही शिंपले जागेवर, तोंड उघडं, आत कुजतं मांस किंवा नुकतीच रिकामी झालेली स्वच्छ वाटी, वरच्या सपाट उन्हातल्या जागा मेलेल्या आणि हातभर अंतरावरच्या भेगेतली जिवंत, एकाच जातीची नाही, शेजारचे लिम्पेट आणि बार्नॅकलही (खडकाला कायमचे चिकटलेले छोटे कवचधारी प्राणी) मेलेले. तुमच्या वर्णनातले लिम्पेट उष्णतेच्या बाजूनं बोलतात. भेगेतली कालवं पाहिलीत का, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही, आणि निर्णय त्यावर आहे. शिवाय मृत्यू त्याच दिवशी दिसत नाही. तापलेलं कालव दोन-चार दिवस तोंड मिटून राहतं आणि मग उघडतं. म्हणून ज्या दिवशी मेलेली दिसली त्या दिवसाचं तापमान पाहणं ही नेहमीची चूक आहे. मागचा आठवडा पाहा.

मोजणीसाठी २५ गुणिले २५ सेंटिमीटरची चौकट करा, प्रत्येक पट्ट्यात किमान १० ठिकाणी ठेवा, पाच उन्हात आणि पाच भेगेत किंवा सावलीत. प्रत्येक चौकटीत जिवंत, ताजी मेलेली आणि जुनी रिकामी अशी तीन वेगळी मोजणी करा. किंचित उघड्या कालवाला टिचकी मारा. मिटलं तर जिवंत. कोपऱ्यांना कायमची खूण करून त्याच चौकटी तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी पुन्हा मोजा. हे सगळं भांग सुरू होण्याआधी एकदा झालेलं हवं, नाहीतर आधी किती होती हेच कळणार नाही.

पट्ट्याची उंची अंदाजानं लिहू नका. गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी इथे उत्तम चालते. शांत दिवशी कोष्टकातल्या भरतीच्या वेळी पाण्याची रेषा दगडावर खडूनं आखा आणि तिथून नळीनं पातळी नेऊन प्रत्येक चौकटीची उंची काढा. एका दिवसाच्या रेषेवर भरवसा नको, तीन दिवस आखून सरासरी घ्या.

अंगाच्या तापमानासाठी बटणासारखे छोटे नोंदयंत्र मिळतात, आयबटन म्हणतात त्यांना. डीएस १९२१जी या साध्या प्रकारात २,०४८ नोंदी मावतात; दर १५ मिनिटांनी एक घेतली तर २१ दिवस पुरतात, म्हणजे एक पूर्ण भांग आणि एक पूर्ण उधाण निघतं. अचूकता एक अंशाची आहे, त्यामुळे अर्ध्या अंशाच्या फरकावर निष्कर्ष काढू नका. रिकाम्या कालवाच्या दोन शिंपल्यांमध्ये ते ठेवून सगळी पोकळी सिलिकॉननं भरा. पोकळी राहिली तर हवा दडते आणि आलेख खऱ्या प्राण्यापेक्षा भलताच हेलकावतो. खारं पाणी यंत्राच्या सांध्यातून शिरतं, म्हणून आधी रबरी लेप द्या. न देता लावलेली बरीच यंत्रं पहिल्याच महिन्यात बंद पडतात. नकली कालव कातळावर बसवायला एम-सीलसारखी दोन भागांची लुकणी पुरते, पण जागा तारेच्या ब्रशनं घासून, कोरडी करून मग लावा आणि भरतीआधी घट्ट व्हायला वेळ ठेवा. वरच्या पट्ट्यासाठी भांगाचे दिवसच सोयीचे. लुकणी शिंपल्यावर पसरू देऊ नका. तिचा रंग बदलला की ऊन शोषण्याचं प्रमाण बदलतं. आकारही खऱ्यासारखाच हवा: लहान लवकर तापतं, मोठं उशिरा तापतं आणि उशिरा निवतं.

तीन पट्टे, प्रत्येकात ऊन आणि भेग, प्रत्येकी तीन यंत्रं, म्हणजे १८. एवढं परवडत नसेल तर फक्त वरच्या पट्ट्यात सहा लावा, तीन उन्हात आणि तीन भेगेत. तीन पट्ट्यांत एकेक लावण्यापेक्षा हे बरं, कारण एकाच पट्ट्यातला ऊन-सावलीचा फरक दोन पट्ट्यांमधल्या फरकाहून मोठा निघू शकतो. आलेखात एक फायदा आपोआप मिळतो: तापलेल्या दुपारी भरतीची पहिली लाट लागली की तापमान दोन नोंदींमध्येच पाच-सात अंशांनी कोसळतं. त्या क्षणावरून प्रत्यक्षात पाणी कधी पोचलं ते कळतं, लाटांच्या शिंतोड्यांसह.

अवरक्त तापमापकाची बंदूक स्वस्त आहे आणि चालेल, पण ताप मोजायची नको. तिची पट्टी ४३ अंशांच्या आसपास संपते. कारखान्यात वापरतात ती घ्या. १२ ला १ असं प्रमाण लिहिलेलं असेल तर १२ सेंटिमीटरवरून ती एक सेंटिमीटरचा ठिपका मोजते. कमरेच्या उंचीवरून धरली तर कालवाऐवजी अर्धा कातळ मोजला जातो. पृष्ठभाग ओला आणि चकाकता असेल तर आकडा फसवतो. आपली सावली पडू देऊ नका. आणि लक्षात ठेवा, ती शिंपल्याची वरची पाठ सांगते, आतलं मांस नव्हे. सुरुवातीला चार-पाच कालवांत बारीक थर्मोकपल (तारेच्या टोकाचा तापमापक) घालून दोन्ही आकड्यांतला फरक एकदा काढून ठेवा.

पुढच्या मोसमासाठी वेळापत्रक सोपं आहे. मार्च ते मे या तीन महिन्यांतल्या शुद्ध आणि वद्य अष्टम्या पंचांगातून काढा, साधारण सहा येतील. प्रत्येकीच्या तीन दिवस आधी पहिली मोजणी. सहापैकी एखाद-दुसऱ्या भांगालाच वारा पडेल आणि ऊन कडक असेल. बाकीच्या वेळी काही मेलं नाही तरी त्या नोंदी टाकू नका, तुलना त्यांच्याशीच होणार आहे. आणि त्या काळात गावातल्या कालवं काढणाऱ्या बायकांना एक विनंती जरूर करा: वरच्या पट्ट्यातले दाट झुबके तेवढे ऊन उतरेपर्यंत राहू द्या. झुबक्याच्या आत ओल टिकते आणि लहान कालवं, गोगलगायी, खेकडे त्याच ओलीत दुपार काढतात. दगड उलटून पाहिलात तर तो पुन्हा होता तसाच ठेवा, खालची बाजू वर राहिली तर तिथले जीव एका दुपारीत संपतात.

भेगेतली कालवं जिवंत आहेत का, मेलेला पट्टा भांगाच्या भरतीरेषेच्या वर आहे का आणि आदल्या आठवड्यातली तिथी काय होती, एवढं कळवा. यंत्रं यायच्या आधीही या तिन्हींवरून बरंच ठरवता येईल.